बाजीरावांचा तिसरा डाव

आमच्या खालच्या मजल्यावर हौसेरावांच्या घरात टीव्हीशेजारी एक पांढरा डबा आहे आणि त्यावर त्यांच्या बायकोने, वेणूताईंनी, धूळ बसू नये म्हणून ब्लाउजपीस टाकलाय. त्या ब्लाउजपीसखाली एक बारीक हिरवा दिवा गेले तीन आठवडे जळतोय. तो विझवायचा नाही, प्लग काढायचा नाही, केर काढताना वायरीला धक्का लावायचा नाही, असा हौसेरावांचा हुकूम आहे. कोपरखैरण्यात लाइट गेली तर काय कराल, असं मी साधं विचारलं, तर माणूस माझ्यावर असा खेकसला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी इन्व्हर्टर आला. पंख्याला नाही, फ्रिजला नाही, त्या डब्याला!

वेड लागलंय म्हणाल. मीही म्हणाले असते, पण त्या वेडात माझाही हात आहे, म्हणून सांगते.

हौसेराव माथाडी कामगार. विसाव्या वर्षी पाटणहून आले आणि वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात उभा जन्म पोती वाहिली. शेवटची बारा वर्षं टोळीचे मुकादम होते. मान खांद्यात रुतलेली, गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. घरात बायकोला मीठ मागतात तेही गल्लीच्या टोकाला कळतं. मी नंदिनी, शाळेच्या ऑफिसातून रिटायर झालेली, एकटी बाई. दुपारी दोन घटका डोळा लागावा एवढीच माझी अपेक्षा, तीही या माणसाने कधी पुरी होऊ दिली नाही.

त्यांचा मुलगा शिवतेज पुण्याला नोकरीला गेला तेव्हा आपला जुना गेम आईवडिलांकडे ठेवून गेला. डबा टीव्हीला जोडायचा, रिमोट हातात धरायचा, आपण हात हलवू तसा पडद्यावरचा बाहुला हात हलवतो. आम्हा सगळ्यांचे बाहुले शिवतेजने जायच्या आधीच काढून ठेवले होते. त्यात टेनिस होतं, बॉक्सिंग होतं, पण यांना आवडलं ते बोलिंग. लांब पट्टीवरून चेंडू घरंगळत सोडायचा आणि टोकाला उभ्या केलेल्या दहा खुंट्या पाडायच्या.

पहिल्या रविवारी मी खाली गेले ती भांडायला. दारात उभी राहून तोंड उघडणार, एवढ्यात हौसेराव म्हणाले, म्याडम, आलाच हाय तर एवढं काय लिवलंय ते वाचा. पडद्यावर सगळं इंग्रजी. मी वाचलं. मग पुढचं वाचलं. तासाभराने माझ्या हातात रिमोट होता आणि माझ्या बाहुल्याचं नाक फार मोठं काढलंय म्हणून मी शिवतेजला फोन लावून झापत होते.

आम्ही चौघं खेळायचो. हौसेराव, वेणूताई, मी आणि बाजीराव. बाजीराव म्हणजे हौसेरावांच्या टोळीतला गडी, पलीकडच्या गल्लीत राहणारा, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. झुपकेदार मिशा, बोलणं कमी. त्यांच्या बाहुल्यालाही शिवतेजने तशाच मिशा लावल्या होत्या.

त्या पहिल्याच दिवशी बाजीरावांनी कपाटाची काच फोडली. झालं असं, की मार्केटात दोघं जण पोतं धरून झुलवतात आणि मुकादमाने 'सोड' म्हटलं की थप्पीवर सोडतात. बाजीरावांनी रिमोट झुलवला, हौसेराव सवयीने ओरडले, 'सोड!' आणि बाजीरावांनी सोडला. रिमोट गेला तो थेट काचेतून, शिवतेजने शाळेत जिंकलेल्या कपाला आडवं करून. बाजीराव म्हणाले, मुकादम म्हनला सोड, म्या सोडलं. वेणूताई हसून हसून खाली बसल्या. मग त्यांनीच प्रत्येक रिमोटला परकराची नाडी शिवून टाकली, मनगटात अडकवायला. ती अजून आहे.

पुढे मात्र त्या माणसाचा हात बसला. हौसेराव चेंडू असा फेकायचे जणू समोरच्या खुंट्यांनी त्यांची जमीन लाटलीय. बाजीराव गुडघ्यात वाकायचे, हात हळूच पुढे न्यायचे आणि मनगट सैल सोडायचे. आपटायचं न्हाई, ठेवायचं, एवढंच सांगायचे. दोन वर्षं आमचे रविवार असे गेले. चहा, शेंगदाण्याचा लाडू, भांडणं आणि बाजीरावांचं ते वाकणं. मला एकटीला रविवार कसा खायला उठतो हे त्या दोन वर्षांत मी विसरले होते.

फेब्रुवारीत बाजीरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. त्यांचा मुलगा अभिराम तळोज्यात कंपनीत कामाला, राहायला नावड्याला. तो त्यांना तिकडेच घेऊन गेला आणि पलीकडच्या गल्लीतल्या खोलीला कुलूप लागलं.

हॉस्पिटलात हौसेरावांनी त्यांचा डावा हात धरला आणि सांगितलं, बाजा, तुजा खाडा पडू देनार न्हाई. मला तेव्हा याचा अर्थ कळला नाही, नंतर वेणूताईंनी सांगितला. टोळीत कोणाची पाठ धरली, कोणाला ताप आला, तर बाकीचे त्याची पोती आपल्या पाठीवर घ्यायचे आणि तो हजर आहे असंच धरायचे. मुकादम म्हणून हौसेरावांचा हाच एक मोठा अभिमान होता, की आपल्या टोळीत आजारी माणसाचा खाडा कधी पडला नाही.

म्हणून पुढच्या रविवारी त्यांनी चार बाहुले लावले. आमचे तिघांचे डाव झाले, की बाजीरावांचा डाव हौसेराव टाकायचे. आणि गंमत बघा, स्वतःच्या डावाला बसल्या बसल्या, शिव्या देत चेंडू भिरकावणारा हा माणूस बाजीरावांच्या डावाला उठून उभा राहायचा. नाडी मनगटात घालायचा. दुखऱ्या गुडघ्यांत वाकायचा, हात हळूच पुढे न्यायचा. तेवढा वेळ घरात कोणी बोलायचं नाही. खुंट्या धडाधड पडायच्या आणि मिशावाला बाहुला नाचायचा. त्या क्षणी मला खरंच वाटायचं की बाजीराव खोलीत आहेत. खोटं कशाला सांगू, मी त्यासाठीच रविवारची वाट बघायचे.

आठ महिने हे चाललं. सप्टेंबरात एका रविवारी पडद्यावर फटाके उडाले आणि बाजीरावांच्या नावापुढे एक शब्द उमटला. मी वाचला, 'प्रो'. म्हणजे काय, हौसेरावांनी विचारलं. मी म्हणाले, पक्का खेळाडू, गेमने मान्य केलंय. हौसेरावांचे डोळे भरून आले. म्हणाले, बाजाला आणूया. हे त्याला दाखवायचं.

दसरा झाल्यावरच्या रविवारी अभिरामने त्यांना गाडीतून आणलं. किती वाळले होते! मिशा तेवढ्या उरल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला, बोलणं जड पण कळण्यासारखं. वेणूताईंनी पिठलं-भाकरी केली होती, ती त्यांनी डाव्या हाताने, सांडत का होईना, स्वतःच खाल्ली. हौसेराव भरवायला पुढे झाले तर मान फिरवली. तिथेच आम्ही शहाणं व्हायला हवं होतं.

हौसेरावांनी टीव्ही लावला. बाहुले आले. बाजीराव बराच वेळ आपल्या नावाकडे बघत राहिले आणि मला विचारलं, म्याडम, ह्ये काय लिवलंय. मला काय बुद्धी सुचली कोण जाणे, मी मोठ्या कौतुकाने सगळं सांगून टाकलं. आठ महिने तुमचा एकही डाव चुकू दिला नाही हो हौसेरावांनी, तुम्ही पक्के खेळाडू झालात.

बाजीराव हसले. एका बाजूनेच हसू आलं.

"म्या नसताना म्या लई भारी खेळतो की," ते म्हणाले.

 त्यांनी डावा हात पुढे केला. वेणूताईंनी नाडी अडकवली. पहिल्या डावात चेंडू थेट पट्टीशेजारच्या पन्हळीत गेला, एकही खुंटी पडली नाही. दुसऱ्या डावातही तेच. आमचे तिघांचे डावही मग मुद्दाम वाईट पडू लागले, ते त्यांच्या लक्षात आल्याशिवाय राहिलं असेल का? तिसऱ्यांदा त्यांचा डाव आला. मिशावाला बाहुला चेंडू घेऊन उभा राहिला. बाजीरावांचा हात उचलेना.  आणि हौसेराव, अर्ध्या जन्माची सवय, पुढे वाकून त्यांच्या मनगटातली नाडी सोडवू लागले. दे गड्या, तुजा म्या टाकतो.

"हौश्या, हात काढ," बाजीराव म्हणाले. "डाव माजा हाय. पडला तर पडू दे. पर कुनी टाकायचा न्हाई."

मग त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला. थकलो म्हणाले. अभिरामने त्यांना उठवलं, गाडीत बसवलं. हौसेराव दारात उभे राहिले, गाडी वळली तरी उभेच. मी काहीतरी समजूत घालायला गेले, तर म्हणाले, आमी तर जन्मभर हेच करत आलो म्याडम. दुसऱ्याचं वझं घ्यायचं. त्याला त्याचं वझं पायजे व्हतं, ते म्या आठ म्हयने काडून घेतलं. एवढं बोलून हा मोठ्या आवाजाचा माणूस रडला, अजिबात आवाज न करता.

टीव्ही बंद केला, पण डबा चालूच राहिला. डबा बंद केला तर तो अर्धा खेळ पुसला जातो आणि तिसरा डाव जातो. म्हणून तो हिरवा दिवा.

तेव्हापासून आम्ही खेळलेलो नाही. रविवारी मी खाली जाते, हौसेराव टीव्ही लावतात, मिशावाला बाहुला चेंडू धरून उभा असतो, मधूनच मान वळवून इकडेतिकडे बघतो. बाजीरावांचा डाव झाल्याशिवाय गेम पुढे जात नाही. आम्ही चहा पितो आणि त्याच्याकडे बघतो. मागच्या रविवारी माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, अहो, तो माणूस तिकडे आपल्याला विसरलाही असेल, तिघांचा नवा खेळ लावा. हौसेरावांनी रिमोट माझ्यापुढे धरला. एक बटण दाबायचं होतं. मला नाही दाबवलं. मलाही त्या माणसाची आठवण येते, त्याला मी काय करू?

आज मात्र हौसेरावांनी नावड्याला फोन लावला. तीन आठवडे फोन हातात घेऊन खाली ठेवत होते. बाजीरावांची सून गीतांजलीने उचलला. बाबा सकाळपासून उठून बसलेत म्हणाली, स्पंजचा चेंडू डाव्या हातात दाबत असतात, कुणाला मदतही करू देत नाहीत. तिने फोन त्यांच्या कानाला लावला. इकडे हौसेरावांनी स्पीकर चालू केला. या माणसाचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"बाजा, तुजा डाव ऱ्हायलाय. कुनी हात लावल्याला न्हाई."

 वेणूताईंनी पदर तोंडाला लावला.

"कितवा?" बाजीरावांनी विचारलं.

"तिसरा."

 मग जड जिभेने एक शब्द आला.

"थांबा."

फोन ठेवला गेला. हौसेराव उठले, टीव्ही बंद केला, ब्लाउजपीस नीट केला आणि हिरवा दिवा जळतोय ना ते वाकून पाहिलं.