रोडगे, कीवर्ड आणि आमचे सोयरे

इंटरनेटवर मानपान नसतो, अशी निवृत्त होईपर्यंत माझी समजूत होती.

समजुतीला कारण होतं. मेहकरच्या एका वाचनालयात मी आयुष्यभर ग्रंथपाल होतो, आणि मानपान ही काय चीज आहे हे लोकांनी टेबलावर आणून ठेवलेल्या लग्नपत्रिकांवरून शिकलो. आमच्याकडची लग्नपत्रिका म्हणजे मतदारयादी. निमंत्रक, प्रेषक, विनीत, स्वागतोत्सुक, समस्त भावकी, आणि तळाशी ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ असं आग्रहाने सांगणारी, अजून धड बसता न येणारी बाळं. नवरदेव शोधायला भिंग लागायचं. (एका पत्रिकेत तो शेवटपर्यंत सापडला नाही. लग्न मात्र झालं म्हणतात.) मी या पत्रिका सभासदांना मोठ्याने वाचून दाखवायचो आणि हसायचो. माणसाने हसताना जरा जपून हसावं.

माझी बायको सुमन रोडग्यांच्या ऑर्डरी घेते. ज्यांनी रोडगे खाल्ले नाहीत त्यांच्याबद्दल सहानुभूती व्यक्त करून सांगतो: जाडसर कणकेचे गोळे, आत तेल लावून पदर घातलेले, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, तुपात बुडवायचे आणि वरण व वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. खाऊन झाल्यावर त्या दिवशी दुसरं काही काम ठरवायचं नाही. कुणाचा नवस असो, शेतातली पंगत असो, सुमन आणि तिच्या मैत्रिणी आसपासच्या गावांत सांगाल तिथे येऊन चूल मांडतात. तिच्या हातचा रोडगा आतून कच्चा निघाला, असं म्हणणारा माणूस जिल्ह्यात भेटायचा नाही.

आमची मयूरी पुण्यात एका कंपनीत होती. लोक मोबाईलवर काही शोधतात तेव्हा कुणाचं पेज आधी दिसावं, याची खटपट करणं हे तिचं काम. आमच्या सोयऱ्यांना तीनच नोकऱ्या कळतात: मास्तर, तलाठी आणि पोलीस. त्यामुळे ‘मयूरी कॉम्प्युटरवर असते’ एवढंच सांगून मी विषय मिटवायचो. यंदा ती नोकरी सोडून घरी आली. हेच काम मेहकरला बसून आपल्या जिल्ह्यातल्या लोकांसाठी करायचं, असं तिने ठरवलं होतं. मला फार अभिमान वाटला. सुमनलाही वाटला, पण ती अभिमान काळजीच्या सुरात व्यक्त करते.

पहिलं गिऱ्हाईक मिळता मिळता राहिलं होतं. चिखलीचे नानासाहेब, दोन मंगल कार्यालयांचे आणि मोठ्या मंडप-केटरिंगच्या धंद्याचे मालक. त्यांनी मयूरीचं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, “पोरी, लोकायचं मंग पाहू. आधी आपल्या मायचे रोडगे वर आणून दाखव. तुळशीच्या लग्नापर्यंत पहिल्या पानावर दिसले, त माझं सारं काम तुलेच.” दिसले नाहीत तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. ते पुण्याच्या कंपनीने सांगितलं होतं: तोवर तुझी जागा रिकामी ठेवतो.

मयूरीने ‘सुमनताईंचे रोडगे’ नावाचं छोटं, नेटकं पेज केलं. मजकूर लिहायचं काम मला दिलं. (घरात दुसरं कुणी साहित्यिक नव्हतं.) कीवर्ड म्हणजे काय, तेही तिने मला समजावलं: आपल्याला जे सांगायचंय ते शब्द नव्हेत, लोक शोधताना जे शब्द टाकतात ते. म्हणजे ‘अन्नपूर्णेचा वरदहस्त’ लिहायचं नाही, ‘मेहकर रोडगे ऑर्डर’ लिहायचं. माझा वरदहस्त तिने तिथल्या तिथे खोडला. आजूबाजूच्या गावांची नावंही घालावीत, म्हणाली, पण जिथे आईने खरोखर चूल मांडली आहे तेवढ्याच गावांची. मग मला पासवर्ड देऊन ती सामान आणायला पुण्याला गेली.

त्याच संध्याकाळी मी आमच्या जिल्ह्यातल्याच उंद्रीला थोरल्या बहिणीकडे फोन केला. बढाई मारायचा हेतू नव्हता, पण फोन लावल्यावर ती आपोआप मारली गेली. भाऊजींनी सगळं ऐकलं. मग विचारलं, “मंग त्याच्यात उंद्री आहे का?”

मी म्हणालो, उंद्रीत अजून ऑर्डर झालेली नाही.

“बरं. उंद्री पाकिस्तानात गेली वाटते.”

मी उंद्री टाकली. एका गावाने काय होतं, असा विचार केला. (पत्रिका छापणाराही पहिल्या नावाला असाच विचार करत असणार.)

दुसऱ्या दिवशी संग्रामपूरहून सुमनचा भाऊ, गजाननमामा, फोनवर. संग्रामपूर जिल्ह्याच्या त्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे रोडगे न्यायचे तर पोचेपर्यंत त्यांचे दगड व्हायचे. हे मी सौम्य शब्दांत सांगितलं. मामा माजी उपसरपंच आहेत. त्यांनी ते ऐकलंच नाही. “दाजी, आम्ही बहीण दिली तुमाले,” ते म्हणाले, “अन् तुमच्याच्यानं गावाचं नाव देणं नाही होऊन राह्यलं?” सुमन माझ्या मागेच उभी होती. मी संग्रामपूर टाकलं, आणि ती मागेच उभी असल्यामुळे सगळ्यात वर टाकलं.

रात्रीपर्यंत उंद्रीला कळलं.

“साळेबुवा,” भाऊजी म्हणाले, “जवाई वर असते का साळा? तुम्ही त पुस्तकं वाचेल माणूस. तुमीच सांगा.”

आयुष्यभर वाचलेल्या पुस्तकांपैकी एकही या प्रसंगी उपयोगी पडलं नाही. शेवटी मी तोडगा काढला: एका परिच्छेदात उंद्री वर, दुसऱ्यात संग्रामपूर. दोन्हीकडे समाधान झालं. पण ही बातमी भाऊजींच्या व्याह्यांकडे गेली, व्याह्यांकडून मावसभावांकडे, आणि मग माझ्या फोनवर गावं येऊन पडू लागली. प्रत्येक गावाला वर राहायचं असल्यामुळे परिच्छेद वाढले. नुसत्या गावाने भागेना तेव्हा माणसांची नावं आली, आणि नावांमागून पदव्या. मामांनी आपल्या नावापुढे ‘माजी उपसरपंच’ असायलाच हवं म्हटलं, म्हणून भाऊजींना मी ‘प्रगतिशील शेतकरी’ केलं. ते ऐकून त्यांच्या धाकट्या भावाने आपणही तितकाच प्रगतिशील असल्याचं कळवलं.

आठवडा संपता संपता मजकूर असा झाला होता: ‘संग्रामपुरातील सर्वोत्तम रोडगे, उंद्रीतील सर्वोत्तम रोडगे, मेहकरातील सर्वोत्तम रोडगे. उंद्री येथे रोडगे हवे असल्यास उंद्रीचे रोडगे म्हणजेच सुमनताईंचे रोडगे. संग्रामपूर येथे संपर्क: श्री. गजाननराव, माजी उपसरपंच.’ खाली असंच दीड हात. सुमनचं नाव मध्ये कुठेतरी होतं. शोधल्यास सापडत होतं. मयूरी पुण्याहून फोनवर विचारायची, बाबा, पेज कसं आहे? मी सांगायचो, वाढतंय. ते खोटं नव्हतं.

रविवारी सकाळी संग्रामपुरात मामांच्या दारात दोन गाड्या भरून माणसं उतरली. देवाला निघालेली मंडळी. त्यांनी कणीक आणली होती, वांगी आणली होती, तुपाचा डबा आणला होता आणि मोबाईलवर मामांचं नाव आणलं होतं. मामांना आयुष्यात रोडगा फक्त ताटात भेटलेला. पण उपसरपंचपद माजी झालं तरी दारात आलेल्या माणसाला ‘मला येत नाही’ म्हणायची त्यांची तयारी नव्हती. मामी माहेरी गेल्या होत्या. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मामा गोवऱ्या फुंकत बसले. मला त्यांनी हे नंतर स्वतःच सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. अभिमान होता. “दाजी, लोक अकोल्याकडून आले होते ना! आपलं नाव पाहून!”

रोडगे बाहेरून कोळसा आणि आतून कणीक झाले होते. त्या मंडळींपैकी कुणीतरी आमच्या पेजवर पाचपैकी एक चांदणी दिली आणि खाली लिहिलं: ‘रोडगे कच्चे होते. मामा चांगले होते.’

सुमनने ते वाचलं. पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. मग तिने मोबाईल माझ्या हातात दिला आणि माझा चष्माही आणून दिला, आणि लग्न झालेल्या माणसाला हे किती वाईट लक्षण आहे ते सांगायला नको.

मयूरी आली तेव्हा पेज पहिल्या पानावर नव्हतं. दुसऱ्यावर नव्हतं. तिने बोटाने सरकवत सरकवत इतकं खाली नेलं की मला वाटलं, आता मोबाईल संपेल. मग तिने माझा मजकूर वाचायला घेतला. मी समोर बसलो होतो. परीक्षेच्या निकालालाही मी इतका घाबरलो नव्हतो. चिडून ती पुण्याला परत गेली असती तरी मला चाललं असतं, असं म्हणणार होतो. पण तेच तर चाललं नसतं. तुळशीचं लग्न जवळ आलं होतं.

“बाबा,” ती शेवटी म्हणाली, “तुमच्या वाचनालयात एखादं पुस्तक आलं, अन् त्याच्या प्रत्येक पानावर ‘हे पुस्तक उत्कृष्ट आहे’ असं छापलेलं असलं, तर तुम्ही ते कुठे ठेवायचे?”

“मागच्या कपाटात.”

“त्या शोधणाऱ्या मशीननंही तेच केलं.”

तिने माझं सगळं लेखन एका झटक्यात पुसलं. (समीक्षा कशी असावी याचा तो नमुना होता.) मग ती चुलीपाशी सुमनजवळ जाऊन बसली आणि फोन करणारी माणसं काय काय विचारतात ते ऐकत राहिली. किलोभर कणकेचे रोडगे किती होतात, गोवऱ्या कुणी आणायच्या, शेतात पाणी नसलं तर चालेल का, तूप किती लागेल. सुमन उत्तरं देत गेली, मयूरी तशीच्या तशी लिहीत गेली. त्यात एकदाही ‘सर्वोत्तम’ नव्हतं. मला ते फार कोरडं वाटलं, पण माझं मत कुणी विचारलं नाही.

आता सोयऱ्यांना कोण सांगणार, हा प्रश्न होता. मी त्या दिवशी अचानक शेतात जायचं काम काढलं. (आम्हाला शेत नाही.) मयूरीने सगळ्यांना स्वतः फोन केले. ती फक्त एवढंच म्हणाली, की जिथे आईची चूल पेटली त्या गावाचं नाव फोटोसकट लागेल. न पेटलेल्या गावाचं लावलं तर ते मशीन ओळखतं.

मी मनातल्या मनात पुढच्या दोन पिढ्यांचे संबंध संपण्याची तयारी केली. तासाभरात उंद्रीहून फोन आला.

“साऱ्या भावकीचे रोडगे लिही, पोरी,” भाऊजी तिला म्हणाले. “येत्या रविवारी. अन् फोटो मोठा काढजो. संग्रामपूरची ऑर्डर नाही ना आली आजून?”

ती दुसऱ्या दिवशी आली. मामांनी सुमनला आणायला गाडी पाठवली, म्हणजे रोडगे तिथेच भाजले जातील आणि दगडांचा प्रश्न उरणार नाही. उंद्रीपेक्षा पंगत मोठी पाहिजे, एवढी एकच अट घातली. शिवाय अकोल्याकडच्या त्या मंडळींना फोन करून पुन्हा बोलावलं. त्यांनी सुमनचे रोडगे खाल्ले आणि पेजवर लिहिलं: ‘आता समजलं.’ व्याह्यांनी ऑर्डर दिली, मावसभावांनी दिली, भाऊजींच्या धाकट्या भावाने तर प्रगतीच्या भरात दोनदा दिली. जेवून उठलेला प्रत्येकजण आपल्या गावाचं नाव लिहून चार ओळी टाकू लागला. जे मला दीड हात लिहूनही जमलं नाही, ते लोकांना ढेकर देत देत जमू लागलं. पेज हळूहळू वर आलं.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी नानासाहेब घरी आले. आमचा मोबाईल त्यांनी हातात घेतला नाही. स्वतःचा काढला, चष्मा वर केला आणि ‘रोडगे’ टाकलं. पहिल्या पानावर, सगळ्यात वर, सुमन. निखाऱ्यासमोर बसलेली, कपाळावर राख. सुमन पदराने तोंड पुसत आत निघून गेली. चहा ठेवायला, असं ती म्हणाली. मयूरी माझ्याकडे पाहून हसली. त्या हसण्यात मागच्या कपाटाचा उल्लेख नव्हता, आणि मला एवढा मोठेपणा पुरे होता. पुण्याला त्याच संध्याकाळी कळवलं: जागा भरून टाका.

नानासाहेबांनी दोन्ही कार्यालयं, मंडप आणि केटरिंग, सगळं काम मयूरीला दिलं. पेज तळाला गेलं होतं त्या दिवसांत त्यांनी ते चिखलीला बसून रोज वाचलं होतं, म्हणाले. घरातल्यांनाही वाचून दाखवलं होतं. जाता जाता दारात थांबून त्यांनी एकच अट घातली, आणि ती मयूरीने माझ्याकडे न पाहताच मान्य केली.

तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतो, की आमच्या मयूरीच्या पहिल्या मोठ्या कामात खास माझ्या नावाची अट आहे. लोक कौतुकाने विचारतात, कोणती? मजकूर मी लिहायचा नाही, ही.