आम्रखंडाच्या डब्यातली गोळी

आमच्याकडे आम्रखंड संपलं की डबा धुऊन ठेवतात. एकात मोहरी आहे, एकात सुईदोरा, आणि फ्रिजवरच्या डब्यात माझ्या बायकोच्या, सुधाच्या गोळ्या. आज सकाळी तिने गोळी काढली आणि मी झाकणावरच्या पिवळ्याधमक आंब्याकडे बघत राहिलो.

सुधा रडत नाही, चिडत नाही. गेलं वर्षभर तिला कशातच गोडी वाटत नाही, एवढंच. नेहमीच्या औषधांनी फरक पडेना, तेव्हा डॉक्टरांनी महिन्याभरापूर्वी ही गोळी सुरू केली. औषधाच्या दुकानदाराने मला विचारलं, "घरात कंपवात कुणाला आहे?" कुणालाच नाही. गोळी मूळची थरथरणाऱ्या हातांसाठीची. डॉक्टर म्हणाले होते, "मेंदूतलं जे रसायन हालचालीला लागतं, तेच एखाद्या गोष्टीची ओढ वाटायलाही लागतं. बघू, लागू पडते का."

मला याचं भारी कुतूहल वाटतं. हात कपापर्यंत जाणं आणि चहा हवासा वाटणं, दोन्हींची वाट एकच असेल? की गोळीचंही आमच्या डब्यासारखंच, वर छापलंय एक आणि कामाला येते भलत्याच?

सुधाने गोळी घेतली आणि मी केलेल्या चहाचा एक घोट घेऊन थांबली. वर्षभर मी जसा देईन तसा चहा ती मुकाट्याने पीत आली होती.

"आलं नाही घातलंस," ती म्हणाली.

तिने माझ्या चहाला नावं ठेवली! मी लगबगीने किसणी शोधायला उठलो.