तेलाची वाटी कुणी फेकली

माझ्या पायाची गोष्ट मी जिल्ह्यात गावोगाव सांगितली आहे, पण खरी एकदाही नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. आज तुम्हाला सांगते, मध्येच थांबले तर थांबू द्या.

आधी माझं काम सांगते. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेलेल्यांचा आमचा एक गट आहे. दवाखान्यातून सुटी मिळालेला माणूस घरी येतो तेव्हा त्याच्या हातात गोळ्यांची पिशवी असते आणि डोक्यात भीती. गोळी किती दिवस, उपवास चालतो का, दात काढायचा तर काय, हे डॉक्टरांना विचारायचं राहून गेलेलं असतं. मी प्रश्न लिहून देते, गरज पडली तर सोबत जाते, रोज सकाळी फोनवर गोळीची आठवण करून देते. हे काम मी चांगलं करते. त्यात खोटी नम्रता नको. याद्या करणं हा माझा स्वभावच आहे आणि इथं तो उपयोगी पडला.

शिबिरात मी एक गोष्ट सांगते. घोट्याचं हाड मोडलं होतं, प्लास्टर निघालं, पाय सुजला. सगळे म्हणाले, प्लास्टरनंतर सूज येतेच. पण मला शंका आली. मी शिवणाचा टेप घेतला, जिथं पोटरी भरते तिथं दोन्ही पाय मोजले. फरक दिसला तशी मालिश थांबवली आणि तडक दवाखाना गाठला. म्हणून आज तुमच्यापुढे उभी आहे. मग टाळ्या. मग मी प्रत्येकीला एक टेप देते. टेपनं निदान होत नाही, हेही बजावते, पण फरक दिसला की बसून राहायचं नाही.

सल्ला खरा आहे. आजही तोच देईन. पण ‘मी’ हा शब्द?

शोभा माझी धाकटी जाऊ. मस्तगडात आमची घरं भिंतीला भिंत लागून. शोभा म्हणजे घाबरट, मोठ्या आवाजाची, प्रत्येक गोष्टीत पुढे. एकदा पुतण्याचं पोट दुखलं तर तिनं अपेंडिक्स म्हणून अख्खं घर दवाखान्यात नेलं, आणि निघाला गॅस. तेव्हापासून घरात तिचं नावच ‘गॅसचं अपेंडिक्स’. नाव मीच ठेवलं होतं.

मुलाचा साखरपुडा महिन्यावर आला होता. मी पलंगावर पाय पसरून बसलेले. नवऱ्याच्या आत्याबाई केदारखेड्याहून खास माझ्या पायासाठी आल्या होत्या, कोमट तेलानं पोटरी रगडत होत्या. शोभा ब्लाउजचं माप घ्यायला आली. पायाकडे बघून थबकली, हात लावला, आणि गळ्यातला टेप काढून सरळ पोटरीला गुंडाळला. मग दुसऱ्या पायाला.

“अक्का, दोन इंचाचा फरक हाय. पाय तापून राह्यलाय. बिलकुल चोळू नका.”

“ब्लाउज पायाला शिवणार का गं?” मी म्हटलं. सगळे हसले. आत्याबाई सर्वांत जास्त.

“हसा. मंग रडान.”

आत्याबाईंनी पुन्हा तेलात बोटं बुडवली. शोभानं वाटी हिसकली आणि मोरीत भिरकावली. तेल आत्याबाईंच्या नव्या लुगड्यावर. घरात एकच गोंधळ. त्या गोंधळातच तिनं रिक्षा बोलावली, मला काखेत धरून बसवलं. दवाखाना येईपर्यंत मी तिला बोलत होते — काय बोलले ते सांगवत नाही. ती रिक्षाबाहेर बघत एवढंच म्हणाली, “दवाखान्यात गॅस निघाला तर अजून एक नाव ठेवा.”

डॉपलर झालं, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी. गुठळी पोटरीतून मांडीपर्यंत गेली होती. शोभा केसपेपर करायला खाली गेलेली. डॉक्टरांनी विचारलं, “मालिश थांबवली हे फार बरं केलंत. कुणाच्या लक्षात आलं?”

मी म्हणाले, “माझ्याच.”

का म्हणाले? मला त्या वेळी चक्कर येत नव्हती, भूल नव्हती. शुद्धीत होते. शोभाचं बरोबर आणि माझं चूक — हे तोंडातून निघेना, एवढंच.

घरी आल्यावर तेच नवऱ्याला सांगितलं, शोभासमोर. मला आधीच शंका होती, मी निघणारच होते, असं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. “असंल बाई,” म्हणाली आणि ताट वाढायला गेली. नंतर गट सुरू झाला, गोष्ट लोकांना आवडली, आणि मग ती बदलायची कशी? शिबिरात मोजून दाखवायला कुणाचा तरी पाय लागतो. मी शोभालाच नेते. ती खुर्चीवर बसते, साडी गुडघ्यापर्यंत धरते, मी तिच्या पोटरीला तिचाच टेप लावते आणि माझी गोष्ट सांगते. एकदा एका बाईनं तिला विचारलं, “ह्यांना कसं हो एवढं कळलं?” शोभा हसून म्हणाली, “अक्काला सगळंच कळतं.”

पुढे तिची मुलगी बाळंत झाली. सिझर होतं. सासर कुंभार पिंपळगावचं. एक पाय सुजला. शोभा तिथंच होती, तिनं टेप लावला, दवाखान्यात चला म्हणून सांगितलं. विहीणबाई म्हणाल्या, बाळंतिणीला सूज असतेच, तुम्हाला सवयच आहे घाबरवायची. ‘गॅसचं अपेंडिक्स’ त्यांनाही ठाऊक होतं. पोरीच्या लग्नात मीच रंगवून सांगितलं होतं.

शोभाचा मला फोन आला. आवाज कधी नव्हे तो बारीक. “अक्का, तुमी सांगा त्यांना. जल्दी सांगा. माझं कोण ऐकतं?”

मी सांगितलं. तिचीच वाक्यं, शब्द न् शब्द. ती माणसं लगेच गाडी काढून निघाली. गुठळीच होती. पोरगी वाचली, बाळ आज अंगणात पळतं. दवाखान्यात विहीणबाईंनी माझे हात धरले आणि शोभाकडे बघत म्हणाल्या, “आई असून हिला समजावता आलं न्हाई, तुमी एका फोनात केलं.” मी म्हटलं, “हेच तर माझं काम.” त्या कॉरिडॉरमध्ये खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी चहा मागवला.

आणि एक राहिलं. मुद्दाम मागे ठेवलं होतं.

वाटी फेकली म्हणून आत्याबाई रुसल्या. साखरपुड्याला येणार नाही म्हणाल्या. नवऱ्यानं मला विचारलं, त्या दिवशी वाटी फेकायची खरंच गरज होती का? मी म्हणाले, “मी निघालेच होते. हिनं उगाच तमाशा केला.” मग ठरलं की शोभानं माफी मागायची. साखरपुड्याच्या दिवशी, मांडवात, आल्या-गेल्यांसमोर ती आत्याबाईंच्या पाया पडली. त्यांनी लगेच उठवलं नाही. ती बराच वेळ वाकलेली राहिली.

मी शेजारीच होते. पाय बरा झाला होता. त्याच पायावर, नवी पैठणी नेसून, मी ताठ उभी होते.