तीच ओळ पुन्हा

आमच्या ऑफिसात मदतीच्या एका ॲपच्या नोंदी येतात. संकटातल्या बाईने मोबाईलवरचं लाल बटण दाबलं की आमच्या स्क्रीनवर एक ओळ उमटते. या ओळींचं काय करायचं, ते एका छोट्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेलं असतं. त्यातला एक नियम असा: तीच ओळ लागोपाठ आली तर पहिली ठेवायची, बाकीच्या फेकून द्यायच्या.

काल दुपारी माझ्या शेजारी बसणाऱ्या वैशालीने काहीतरी तपासायला तो नियम तात्पुरता बंद केला, आणि स्क्रीनवर एकाच बाईची ओळ कोसळू लागली. तीच, पुन्हा तीच, पुन्हा तीच. पहिली ओळ पोलिसांकडे गेली होती, ते निघालेही होते. पण ती बटण दाबतच होती. प्रत्येक ओळीमागे मला एक फटका ऐकू येत होता. केसांना धरून भिंतीवर आपटलेलं डोकं, बरगडीत बसलेली लाथ.

"डिस्क भरेल, नियम परत लाव," साहेब मागून म्हणाले.

त्यांचं काय चुकलं? हा नियम आपण सगळेच लावून बसलोय. वरच्या मजल्यावरच्या पहिल्या किंकाळीला दचकतो. रोजचीच झाली की 'त्यांच्या घरचं भांडण' म्हणून टीव्हीचा आवाज वाढवतो.

वैशालीने कीबोर्डवर हात ठेवला, पण काही टाइप केलं नाही. आम्ही दोघी बघत राहिलो.

मग ओळी यायच्या थांबल्या. नियम अजून बंदच होता.