आठ दिवे, शून्य डिस्क

आमच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टम बदलायला मी शुक्रवारच धरला. बोईसरच्या या रसायन कारखान्यात संगणकांची जबाबदारी माझ्याकडे आहे. साडेबाराला नवी सिस्टम सुरू झाली आणि मी डिस्कची यादी उघडली. सिस्टमची स्वतःची छोटी डिस्क तेवढी दिसत होती. बाकीच्या आठ, ज्यांच्यावर प्रयोगशाळेचे सात वर्षांचे तपासणी निकाल होते, त्या यादीतच नव्हत्या.

मशीन बंद करून चालू केलं. केबली काढून पुन्हा बसवल्या. आठाच्या जागी शून्य.

मग बॅकअपची वही काढली. रोजची तारीख, रोजची माझी सही, एकही खाडा नाही. पण वाचता वाचता लक्षात आलं. तो बॅकअप मी याच आठांपैकी शेवटच्या दोन डिस्कवर घेत होतो. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावल्यासारखं.

तेवढ्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा फोन आला. दुसऱ्या दिवशी ग्राहकाचे तपासनीस येणार होते.

"दादा, उद्या दहाला त्यांनी जुना निकाल मागितला तर मिळेल ना?"

"अजून सांगता येत नाही."

"तुम्ही असं कधी म्हणत नाही," त्या म्हणाल्या.

सर्व्हर देखभालीच्या माणसाला फोन लावला. या आठही डिस्क एका कार्डामार्फत जोडलेल्या होत्या. "सर, कार्ड गया समझो. नया डालो, नया रेड बना लो. बॅकअप तो होगा ही आपके पास." रेड म्हणजे सगळ्या डिस्कची मिळून एक जोडणी; ती नव्याने करायची म्हणजे आठही डिस्क कोऱ्या. मी फोन ठेवला.

आमचा इलेक्ट्रिशियन इथल्याच किनाऱ्यावरच्या माहीमचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. पॅनेल साफ करायला आला होता.

"काय वो साहेब, बोंबील सडल्यावानी तोंड केलंय."

"आठ डिस्क गायब आहेत."

दसऱ्याला त्याने प्रत्येक डिस्कच्या कडीला कुंकवाचं बोट लावलं होतं. तेव्हा मी त्याच्यावर चिडलो होतो. आता तो त्याच ठिपक्यांवरून मोजत गेला. "सात, आठ. समद्यांचे दिवे हिरवे हायेत. दिसत नाय म्हंजे नाय असं नाय."

"मग सिस्टमला का दिसत नाहीत?"

"गेटवर नवा वॉचमन आला का आमाला पन आडवतो. वळखत नाय ना. जुना कुठंय तुमचा?"

इतका वेळ मी डिस्कच शोधत होतो. मशीनला जोडलेल्या भागांची यादी काढली. कार्ड तिथे होतं, फक्त त्याच्या ओळीत ड्रायव्हरची, म्हणजे सिस्टमला ते कार्ड ओळखून देणाऱ्या प्रोग्रामची, जागा रिकामी होती. इतक्या जुन्या कार्डाचा ड्रायव्हर नव्या सिस्टमने वगळला होता.

मशीन सुरू होताना कोणती सिस्टम चालवायची याची यादी येते, तिच्यात तिसऱ्या ओळीवर त्या कार्डाला ओळखणारा जुन्या सिस्टमचा गाभा, म्हणजे कर्नेल, अजून शिल्लक होता. तो निवडला. डिस्कची यादी पुन्हा उघडली. मग डिस्क एकेक करून आल्या. आठ. पहिल्या वर्षाची फाइल उघडली, शेवटच्या वर्षाचीही.

बाईंना कळवलं. "मिळेल."

"बॅकअप होताच म्हणा."

"नव्हता," मी म्हटलं.

मग सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि ती दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवली. वहीत त्या तारखेला लिहिलं: याआधीचे सर्व बॅकअप त्याच मशीनमध्ये होते, ते ग्राह्य धरू नयेत. खाली सही केली.