पडलेली किल्ली

पाठीच्या मणक्यांवर हातांनी उपचार करणाऱ्या आमच्या कायरोप्रॅक्टरबाईंच्या दवाखान्यात खुर्च्या रिकाम्या असतात आणि माणसं उभी. बसलं की उठताना कळ येते, म्हणून आम्ही सगळे कंबरदुखीवाले भिंतीला टेकून नंबरची वाट बघतो. परवा तिथे सुलभाकाकूंच्या हातून घराची किल्ली खाली पडली. विहिरीत पडलेल्या घागरीकडे बघावं, तसे आम्ही तिच्याकडे बघत राहिलो.

“वाकू नका हं कुणी!” एक काका ओरडले आणि सगळ्यांना हसू फुटलं. हसतानाही प्रत्येकाचा हात कमरेवरच!

दुखेल म्हणून आपण वाकत नाही, आणि वाकत नाही म्हणून कण्यालगतचे स्नायू आणखी दुबळे होतात. माझंच बघा ना. प्राजक्ताचा सडा, दारातली रांगोळी, रांगणारी नात, सगळं मी हल्ली वरूनच बघते. जमिनीशी जणू बोलणंच सोडलंय.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. किल्ली उचलतील असं वाटलं, तर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. “इतके दिवस मी काय शिकवलं?”

मग मीच पुढे झाले. पाय फाकवले, पाठ सरळ ठेवली, गुडघ्यांत वाकत हळूहळू खाली गेले. गार फरशीला बोटं लागली आणि मला उगीचच हसायला आलं. किल्ली घेऊन उठले तेव्हा टाळ्या वाजल्या.

मी ती काकूंच्या हातात दिली. त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मुद्दाम पुन्हा खाली टाकली.

“सरका,” त्या म्हणाल्या, “आता मी.”