पिल्लांच्या खाण्यात हळद

मंजुळानं काही शिजवलं आणि त्यात हळद पडली नाही, असं चेंदणी कोळीवाड्यात कधी झालं नव्हतं. हाताची सवयच ती! पण कोळंबीच्या पिल्लांना हळद? देवा रे!

ब्याण्णव साल होतं. कारखान्यांच्या पाण्यानं खाडीतली मासळी पार आटली, नवऱ्याची होडी किनाऱ्याला लागली ती लागलीच. मग मंजुळा कोळंबीची पिल्लं वाढवायच्या शेडमध्ये कामाला लागली. शेड शिवरामची. नौपाड्यातला शिकलेला मुलगा, पण डोक्यात हवा नाही. पिल्लं केसाच्या तुकड्याएवढी. त्यांचं खाणं मंजुळाच्या हातात. अंडी, दुधाची पावडर, माशाचं तेल फेटून वाफवायचं, खरवसासारखं घट्ट झालं की बारीक जाळीतून चाळून टाकीत सोडायचं. मागच्या खेपेची सगळी पिल्लं मेली होती. ही गेली तर शेडला कुलूप, हे शिवरामनं सांगूनच टाकलं होतं.

त्या सकाळी खाणं टाकीत सोडून ती वळली, तर स्टोव्हपाशी कालवणासाठी आणलेल्या हळदीचा डबा उघडा आणि चमचा त्यातच!

"अगो बाय माझे! हलद टाकली गो मी!" ती किंचाळलीच.

शिवराम धावत आला. तिनं होतं ते सांगून टाकलं. लपवाछपवी तिला कधी जमलीच नाही.

"मावशी, काय केलंत हे!" त्याचा चेहराच पडला. "चला, आधी पाणी बदलू."

अर्धं पाणी काढून नवं भरलं. मंजुळा टाकीपाशीच उभी. भाकरीचं फडकंसुद्धा सोडलं नाही. एकवीरा आईला किती वेळा हात जोडले, कोण जाणे.

दुपार कलल्यावर शिवरामनं ग्लासभर पिल्लं घेऊन खिडकीच्या उजेडात धरली. डोळे बारीक करून ग्लास नुसता फिरवत राहिला मेला! मंजुळाचा जीव नुसता टांगणीला.

"हायती ना रे जिती?"

"जिती? ग्लासभर नुसता धिंगाणा चाललाय! हे बघा." काचेसारख्या त्या अंगांतून प्रत्येकाच्या पोटात पिवळा धागा दिसत होता. "एकानंही उपास केलेला नाही. सगळी पोटभर जेवलीत, मावशी. पुन्हा मात्र हळद नको हां!"

मंजुळा ओल्या जमिनीवर फतकल मारून बसली, हसत हसत रडली, आणि तिला एकदम सडकून भूक लागली.